ग्रंथालयाची किल्ली



तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या रस्त्यावर पापनाशम हे तालुक्याचे गाव लागते. कावेरीच्या खोऱ्यातील हा मुलूख भातशेतीचा. तेथील पालैवननाथाच्या देवळाच्या आवारात विटांनी बांधलेले एक प्रचंड धान्यकोठार आहे. सतराव्या शतकात, नायक राजांच्या अमदानीत ते उभारले गेले. अशा कोठाराची थोरवी आपण त्यात किती धान्य मावते यावरून सांगतो. पण गावाचा जीव तगतो तो त्यातून वेळेवर किती धान्य बाहेर येते यावर. ग्रंथालयाचीही गोष्ट अशीच आहे. ग्रंथ किती जमले, हा अभिमानाचा प्रश्न खरा. ते वाचकाच्या हाती पडतात की नाही, हा त्याहून निकडीचा.

हा प्रश्न याच भूमीच्या एका सुपुत्राने साऱ्या जगासमोर मांडला. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शि. रा. रंगनाथन यांचा जन्म १८९२ साली जुन्या तंजावर जिल्ह्यातील शियाळी या गावी झाला. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ग्रंथ हे जपून ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी आहेत, हा त्यांतील पहिल्याचा आशय. त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यात, मन्नारगुडीच्या परिसरात कनकसभै पिळ्ळै नावाच्या गृहस्थांनी बैलगाडीवर ग्रंथालय चालविले. वाचक ग्रंथालयापर्यंत येऊ शकत नसेल तर ग्रंथालयाने त्याच्या वेशीपर्यंत जावे, एवढा साधा विचार त्यामागे होता.

बैलगाडीचे ते काम आज संगणक आणि आंतरजाल करू लागले आहे. ग्रंथालयाची सूची आंतरजालावर ठेवली, की पापनाशमच्या विद्यार्थ्याला तंजावरला हेलपाटा घालण्यापूर्वीच कळते की हवा तो ग्रंथ तेथे आहे किंवा नाही. परंतु येथेच एक नवा प्रश्न उभा राहतो, आणि आज त्याविषयीच मला बोलावयाचे आहे. ही सूची ज्या संगणकीय आज्ञावलीवर चालते, तिची किल्ली कोणाच्या हाती असते?

पूर्वी सूची म्हणजे लाकडी खणांतील पत्रे. ते पत्रे ग्रंथालयाचे, खण ग्रंथालयाचे आणि लिहिणारा लेखनिकही ग्रंथालयाचा. संगणक आल्यावर अनेक ठिकाणी असे झाले की नोंदी ग्रंथालयाच्या, पण त्या ज्या पेटीत बंद आहेत ती पेटी विक्रेत्याची. त्याने दर वाढविला तर तो देणे भाग. त्याने धंदा आवरला तर वर्षानुवर्षे कष्टाने केलेल्या नोंदी वाचणेही कठीण. धान्य आपले, पण कोठाराचे कुलूप परक्याचे, अशी ही अवस्था.

या अडचणीतून वाट काढली ती न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ नावाच्या एका ग्रामीण भागातील ग्रंथालय-न्यासाने. १९९९ साली त्यांच्यापुढे संकट होते ते येणाऱ्या २००० सालाचे. त्यांच्या जुन्या संगणकयंत्रणेला सालाचे नवे आकडे पेलणार नव्हते. नवी महागडी यंत्रणा विकत घेण्याऐवजी त्यांनी एका स्थानिक मंडळीकडून आपल्या गरजेपुरती आज्ञावली लिहवून घेतली आणि जानेवारी २००० मध्ये ती वापरात आणली. विशेष हे, की ती त्यांनी स्वतःपाशी दडवून ठेवली नाही. कोणीही ती घ्यावी, तपासावी, आपल्या सोयीने बदलावी आणि दुसऱ्यास द्यावी, अशा परवान्यासह त्यांनी ती खुली केली. तिचे नाव त्यांनी ठेवले ‘कोहा’. मावरी भाषेत या शब्दाचा अर्थ भेट असा आहे. परंतु ज्या भेटीबरोबर परतफेडीची जाणीव येते अशी भेट. आपल्याकडील आहेर-प्रत्याहेरासारखीच ही कल्पना म्हणावयास हरकत नाही. आज जगभरची, आणि भारतातीलही अनेक ग्रंथालये ही आज्ञावली वापरतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मुक्त म्हणजे फुकट नव्हे. आज्ञावलीची किंमत पडत नसली तरी यंत्र, वीज, नोंदींच्या राखीव प्रती आणि जाणत्या माणसाचे वेतन यांना पैसा लागतोच. उलट, एखादी आज्ञावली फुकट मिळूनही बंदिस्त असू शकते. मुक्तपणाचा खरा लाभ पैशाच्या बचतीत नसून स्वामित्वात आहे. एका कारागिराशी पटले नाही तर दुसऱ्याकडून काम करून घेता येते. आणि आपल्या नोंदी उचलून वाटेल तेव्हा दुसऱ्या घरी बिऱ्हाड करता येते.

दुसऱ्या घरी बिऱ्हाड करावयाचे तर सामानाची बांधणी मात्र सर्वांना ओळखता येईल अशी हवी. कर्ता कोणत्या रकान्यात, ग्रंथनाम कोणत्या, प्रकाशनाचे साल कोणत्या, याची एक सर्वमान्य मांडणी अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात १९६०च्या दशकात हेन्रिएट अव्राम या विदुषीच्या मार्गदर्शनाखाली तयार झाली. ‘मार्क’ या नावाने ती आजही प्रचारात आहे. या मांडणीमुळे एका ग्रंथालयाने केलेली नोंद दुसऱ्याला जशीच्या तशी उतरून घेता येते. कोल्हापूरच्या ग्रंथपालाने एका मराठी पुस्तकाची नीट नोंद केली तर इंदूर, बडोदे किंवा तंजावर येथील ग्रंथपालाचे तेवढे श्रम वाचतात. पाच-दहा हजार पुस्तकांच्या खेड्यातील वाचनालयाला ही सवलत केवढी मोठी आहे!

पण मराठी माणसाचे मन तंजावरात ज्या वास्तूपाशी थबकते, तिची गोष्ट इतकी सोपी नाही. ती वास्तू म्हणजे सरस्वती महाल. नायकांच्या काळापासूनच्या या राजग्रंथालयाला भोसल्यांनी आश्रय दिला, आणि १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजी राजांनी ते वैभवास नेले. १९१८ साली ते सर्वांसाठी खुले झाले. संस्कृतच्या अफाट संग्रहाबरोबर तेथे मराठीची तीन हजारांच्या आसपास हस्तलिखिते आहेत. आणि तंजावरच्या मराठी राज्याच्या कारभाराचे मोडी लिपीतील दप्तरही आहे. सूची संगणकावर घेण्याच्या कामाला तेथे १९९८ साली आरंभ झाला.

अशा संग्रहाची सूची करताना पहिली अडचण नावाची. आपण ज्यांना सरफोजी म्हणतो त्यांना संस्कृत ग्रंथ शरभोजी म्हणतात आणि तमिळ लोक सरबोजी. इंग्रजी लेखनाचा प्रकार आणखी निराळा. यंत्राला ही चार माणसे वाटतात. म्हणून नावांची एक जोडसूची करावी लागते. वाचकाने कोणतेही रूप लिहिले तरी तो एकाच व्यक्तीपाशी पोहोचला पाहिजे. हे काम कोणा एका ग्रंथालयाचे नव्हे. मराठी व तमिळ जाणणाऱ्यांनी ते मिळून करावे आणि सर्वांसाठी खुले ठेवावे, यातच त्याचे सार्थक आहे.

दुसरी अडचण लिपीची. संगणकाला प्रत्येक अक्षरासाठी एक क्रमांक लागतो. पूर्वी मोडीचे वळण दाखविण्यासाठी दुसऱ्याच एखाद्या लिपीच्या क्रमांकांवर मोडीची अक्षरे बसविली जात. त्यामुळे एका यंत्रावरचे पत्र दुसऱ्या यंत्रावर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन बसे. २०१४ साली ‘युनिकोड’ या जागतिक संकेतप्रणालीने मोडीला स्वतःचे क्रमांक दिले. त्यांवर आधारलेला अक्षरसंच आता विनामूल्य व मुक्त परवान्याने मिळतो. आज मोडीत लिहिलेली ओळ उद्या कोठेही ओळखता येईल, एवढी शाश्वती त्यामुळे आली.

मात्र क्रमांक मिळाले म्हणजे मोडी वाचता आली, असे नाही. शेकडो वर्षांपूर्वीच्या कारकुनाची धावती लेखणी, शब्दांत न सोडलेले अंतर, कागदाला लागलेली कसर, आणि तमिळ देशात रुळलेल्या मराठीची निराळी बोली, हे सारे उलगडावयास जाणता माणूसच हवा, आणि अशी माणसे थोडी आहेत. त्यांनी वाचलेले जर केवळ त्यांच्या वह्यांत, किंवा एखाद्या बंदिस्त आज्ञावलीच्या पोटात राहिले, तर त्यांच्यामागे ते वाचन पुन्हा पहिल्यापासून करावे लागेल. याउलट, रुमाल उघडून एकेका कागदाची तारीख, विषय आणि नावे एवढी जरी सर्वमान्य मांडणीत व खुल्या सूचीत लिहिली गेली, तर पुढच्या वाचकाला पुढच्या ओळीपासून आरंभ करता येईल.

मुक्त साधनांनी प्रत्येक ग्रंथ आपोआप मुक्त होत नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर सामान्यतः साठ वर्षे त्याच्या वारसांचा हक्क असतो, आणि तो पाळलाच पाहिजे. पण सूचीवर असे बंधन नाही. ग्रंथ कोठे आहे, हे सांगण्यास कोणाची आडकाठी नसावी.

महाराष्ट्रात १९६७च्या कायद्याच्या छायेत हजारो सार्वजनिक ग्रंथालये चालतात. त्यांच्या कार्यकारी मंडळांनी नवी यंत्रणा घेण्यापूर्वी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत. आमच्या सर्व नोंदी आम्हांला हव्या तेव्हा सर्वमान्य मांडणीत बाहेर काढता येतील काय? आमची लिपी तीत तिच्या खऱ्या संकेतांनी राहील काय? आणि तुम्ही उद्या नसलात तर हे काम दुसऱ्या कोणाला चालविता येईल काय? या तिन्ही प्रश्नांची लेखी उत्तरे होकारार्थी मिळाली, तरच सही करावी.