परवान्याचा कागद आणि गांवचें पाणी

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



मी शाळामास्तर. वक्तृत्व मला येत नाहीं, हिशेब येतो. तोच आज आपल्यापुढें मांडतों. बाटल्यांत पाणी भरून विकण्याच्या कारखान्यासाठीं आपल्या पंचायतीकडे अर्ज आला आहे. येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेंत त्यास ना हरकत दाखला देण्याचा ठराव येईल. हात वर करण्यापूर्वी केरळांतील एक हकीकत ऐका.

पालघाट जिल्ह्यांत पेरुमाट्टी नांवाची ग्रामपंचायत आहे. भातशेतीचा मुलूख. तिच्या हद्दींत प्लाचीमडा येथें 2000 सालीं कोका-कोला कंपनीचा शीतपेयांचा कारखाना निघाला. परवाना पंचायतीनेंच दिला होता. पुढें भोंवतालच्या विहिरींची पातळी उतरल्याची व उरलेलें पाणी मचूळ झाल्याची ओरड सुरू झाली. बायकांस दुरून घागरी आणाव्या लागल्या. एप्रिल 2002 मध्यें आदिवासी मंडळी कारखान्याच्या दारांत धरणें धरून बसली. मयिलम्मा ही आदिवासी बाई त्यांत पुढें होती. वर्षानें पंचायतीनें परवाना पुन्हा देण्याचें नाकारलें व वाद उच्च न्यायालयांत गेला.

डिसेंबर 2003 मध्यें न्यायमूर्तींनीं निकाल दिला कीं भूगर्भांतील पाणी ही जनतेची ठेव असून सरकार तिचें विश्वस्त आहे. पण 2005 सालीं त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठानें कंपनीस रोज 5 लाख लिटर उपसण्याची मुभा दिली. मार्च 2004 मध्यें बंद पडलेला कारखाना मात्र पुन्हा उघडला नाहीं. आपण तो चालविणार नाहीं, असें कंपनीनें 2017 सालीं सर्वोच्च न्यायालयांत सांगितलें.

5 लाख लिटर म्हणजे किती? मीं चौथीच्या मुलांस हें गणित घातलें. जलजीवन योजनेचें माप माणशीं रोज 55 लिटर. मुलांनीं उत्तर काढलें: नऊ हजारांहून अधिक माणसांचें पाणी!

आणि भरपाई? 2010 सालीं सरकारी समितीनें नुकसान 216 कोटींवर ठरविलें. 2011 सालीं केरळ विधानसभेनें त्यासाठीं न्यायाधिकरणाचें विधेयक मंजूर केलें. त्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली नाहीं. सही करावयास एक घटका पुरते, निस्तरावयास पिढी जाते.

आतां माझी स्वतःची चूक सांगतों. चार वर्षांपूर्वी अशाच एका धंद्याच्या दाखल्यास मीही हात वर केला. कागद कोणीं वाचला नाहीं, मींही नाहीं. आज शाळेचा हातपंप मार्चांतच सुकतो. दोष त्या धंद्याचा, पावसाचा कीं आपल्याच उंसाचा, हें कोणास सांगतां येत नाहीं. कां? तर आधीं पाणी मोजलेंच नव्हतें!

मी धंद्याच्या विरुद्ध नाहीं. आपल्या पोरांस काम हवें. पण कुंभार, परीट, रंगारी यांचे धंदेही पाण्यावरच चालतात, त्यांचें काय? 1993 सालींच आपल्या राज्यानें कायदा करून, पिण्याच्या सार्वजनिक पाण्यापासून 500 मीटरांच्या आंत परवानगीवांचून विहीर खणण्यास बंदी घातली. पुढें 2009 सालचा भूजल कायदा आला. कायदा कपाटांत असून उपयोग नाहीं, तो सभेंत बोलला पाहिजे.

सबब ग्रामसभेंत इतकें विचारा: रोज किती पाणी घेणार? किती खोलीवरून? मोजणी कोण करणार, व तिचा आंकडा चावडीवर लागणार कीं नाहीं? गांवच्या विहिरी उतरल्या तर उपसा थांबेल, अशी अट कागदावर आहे काय? आणि अर्जाआधीं आपल्या सर्व विहिरींची पातळी आपण स्वतः मोजून लिहून ठेवूं. दोरी आणि दगड पुरे. वही मी देतों.

जोतीरावांनीं 1883 सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यांत पाणी अडवून मुरविण्यासाठीं ताली-बंधारे सुचविले होते. मुरविणारे आपण, तर उपशाचा जाब विचारण्याचा हक्कही आपलाच.

वाचल्यावांचून अंगठा नको, मोजल्यावांचून परवाना नको. इतकें बोलून मी आपली रजा घेतों.