तळं खुलं होतं, पाय अडले होते

(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



जो उठतो तो आपल्याला सांगतो, "मानसिकता बदला, प्रगती होईल." जणू आपण हौसेनंच वाकून चालत होतो! हा कणा आईच्या पोटातून वाकून आलेला नाही. तो वतनानं वाकवला. जोहार घाला, गावकीचं पडेल ते काम करा, शिळी भाकर मागा. पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं की आधी हाताला सवय लागते, मग डोक्याला. वतन 1958 च्या कायद्यानं गेलं. डोक्यातलं गेलं का?

माझंच सांगतो. मी कारखान्यात हेल्पर होतो. लेथचं बेअरिंग जातंय, हे मला आवाजावरून दोन दिवस आधी कळलं होतं. गप बसलो. म्हटलं, आपण सांगणारे कोण? फिटर हाय, साहेब हाय. मशीन बंद पडलं आणि साहेब माझ्यावरच ओरडला. कान तयार होता, तोंडाला कुलूप होतं. साहेबाच्या डोक्यालाही कुलूप होतंच – हेल्परला काय कळतंय! ही दोन कुलपं मिळून माणूस जन्मभर हेल्पर राहतो.

आता महाड आठवा. 1923 साली बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात पास झाला. 1924 साली नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर! पाणी मात्र आपल्याला मिळालं नाही. समोर सवर्णांची काठी होती आणि पायांत शतकांची सवय होती. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब नुसता उपदेश करून थांबले नाहीत. हजारोंना घेऊन तळ्यावर गेले, ओंजळीनं पाणी प्यायले. आधी ओंजळ, मग धीर. हा क्रम ध्यानात ठेवा.

त्याच दिवशी आपल्या लोकांना मार बसला. तळं शेण-गोमूत्रानं 'शुद्ध' केलं गेलं. हायकोर्टाचा निकाल यायला 1937 साल उजाडलं. पण प्यायलेली ओंजळ कुणाला परत घेता आली नाही.

तेव्हा घरात बसून विचार बदलत नसतो. तो कृतीनं बदलतो, आणि एकट्यानं नाही, चारचौघांच्या संगतीनं. म्हणून आज मागच्या सतरंजीवर कुणी बसायचं नाही. प्रत्येकानं उठून एक प्रश्न विचारायचा. चुकला तर चुकू द्या. उद्या तोच प्रश्न कारखान्यात, कचेरीत विचारायचाय. तिथं एकाची जीभ अडखळली, तर शेजारच्यानं उभं राहायचं.

चला, पहिला कोण?

जय भीम!