पेशी वाढतात, पण मुलगी तिथवर पोचते का?

(कार्यकर्त्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. मला भाषणाची सवय नाही. पण ताई म्हणाल्या, "तू रोज जे बघतेस तेच सांग." तेवढंच सांगते.

आपल्या रक्तातल्या टी-पेशी म्हणजे शरीराच्या राखणदार. रक्ताच्या काही कर्करोगांत बी-पेशी बिघडतात आणि बेसुमार वाढतात. त्या घरच्याच, म्हणून राखणदार फसतो. तेव्हा रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून त्यांना शत्रूची ओळख शिकवायची, असा उपचार निघाला. त्याला कार-टी म्हणतात.

रुग्णाला यंत्र जोडतात. यंत्र रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाजूला काढतं, उरलेलं रक्त परत शरीरात जातं. याला काही तास लागतात. मग प्रयोगशाळेत टी-पेशी जाग्या करतात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात एक नवं जनुक घालतात. त्यामुळे बी-पेशींवरची सीडी-१९ नावाची खूण त्यांना ओळखता येते. पुढे पोषक द्रवात, अंगाइतक्याच उबेत, साधारण आठ-दहा दिवस त्या वाढवतात. विरजण लावल्यासारखं वाटेल, पण इथे एक जंतू शिरला तरी सगळं वाया. म्हणून कसून तपासणी करतात आणि मगच त्या सलाइनसारख्या रुग्णाला चढवतात.

२०१२ साली फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला हा उपचार मिळाला आणि ती वाचली. २०१७ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, तेव्हा किंमत होती पावणेपाच लाख डॉलर. आपल्याकडे पवईच्या आयआयटीने आणि टाटा मेमोरियलने मिळून नेक्सकार-१९ तयार केलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली, १५ वर्षांवरच्या रुग्णांसाठी. खर्च ३० ते ५० लाखांच्या घरात सांगितला गेला. हा उपचार म्हणजे जादू नव्हे. जोराचा ताप येतो, रक्तदाब उतरतो, काहींचा आजार उलटतो. पण चाचणीत निम्म्याहून अधिक रुग्णांचा आजार मागे हटला. आपल्या मातीतल्या शास्त्रज्ञांचं हे काम मोठंच आहे.

आता मी जे पाहिलं ते. सतरा वर्षांची एक मुलगी प्लेटलेटसाठी आमच्याकडे यायची. केमोनंतर आजार उलटला होता. डॉक्टरांनी हा उपचार सुचवला. वडील वाईट नव्हते. जमीन विकली तर धाकट्या दोघांचं काय, हा त्यांचा प्रश्न खराच होता. पण आजी म्हणाली, "एवढं करून पुढे हिला करून कोण घेणार?" तिथे बोलणं संपलं. आई भिंतीला टेकून उभी होती. तिला कुणी विचारलं नाही, मुलीला तर नाहीच. मी सुई काढली, पट्टी लावली आणि गप्प बसले. ते गावी गेले, परत आले नाहीत.

हे एका घरचं म्हणून सोडून देता येत नाही. २०२२ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात भारतातल्या कर्करोग झालेल्या मुलामुलींच्या नोंदींचा अभ्यास आला. रुग्णालयांत मुलग्यांच्या मानाने मुली फार कमी पोचतात, आणि अस्थिमज्जा-रोपणासारख्या महागड्या उपचारात ही तफावत आणखी वाढते, असं त्यात दिसलं. मग लाखांच्या या उपचारात मुलींचं काय होईल, हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. रुग्णालयांनी हा उपचार कितीजणांना सुचवला आणि कितींनी घेतला, याचे मुली-मुलग्यांचे वेगळे आकडे जाहीर करावेत. खर्चाचा भार घरावर न टाकता सरकारी योजनांनी उचलावा, म्हणजे जमीन की मुलगी असा प्रश्नच उरणार नाही. आणि आपण? जिथे असा निर्णय होत असेल, तिथे आईला आणि मुलीला पुढे बसवायचं. ते मी त्या दिवशी केलं नाही. पुढच्या वेळी करेन, आणि तेव्हा तुम्ही माझ्याबरोबर हव्यात.