सोयाबीन घरात ठेवलं, तर भाडं कोण भरतं?

मागच्या भागात मागणी-पुरवठा पाहिला. आज 'संधी खर्च'. पुस्तकातली व्याख्या नंतर, आधी आमच्या घरातला किस्सा.

नोव्हेंबर 2024. आम्ही धाराशिव जिल्ह्यातले, कळंब तालुक्यातले. घरात 20 क्विंटल सोयाबीन, बाजारात भाव साधारण 4,000. हमीभाव 4,892 होता, पण आमची नोंदणी वेळेत झाली नाही. मी म्हणालो, "आप्पा, विकून टाका ना."

आप्पा म्हणाले, "अरे, क्विंटलला साडेचार हजार खर्चच आलाय. चार हजाराला कसं घालू? 2021 ला दहा हजार बघितलेत आपण!"

बघितले होते, खरंय. पण ते ऑगस्टमध्ये, जेव्हा बहुतेकांच्या घरातला माल संपलेला होता. त्याच महिन्यात सरकारने 12 लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, आणि नवीन माल येईपर्यंत भाव उतरला.

आता आप्पांचे साडेचार हजार. बियाणं, खत, फवारणी, मळणी, सगळा पैसा जाऊन बसलेला. विका नाहीतर ठेवा, तो परत येत नाही. याला म्हणतात बुडीत खर्च. मन त्यातच अडकतं, पण बाजार तुमचा खर्च विचारत नाही.

मग विचारायचं काय? "आज हे 80,000 हातात आले, तर त्यांचं काय होईल?" आमच्यावर तेवढंच कर्ज होतं, शेकडा दोन रुपये महिना. म्हणजे महिन्याला 1,600, सहा महिन्यांचे 9,600. माल विकला असता तर हे व्याज वाचलं असतं. ते वाचवायची संधी सोडली, हाच माल ठेवण्याचा संधी खर्च. पावती कुणी देत नाही, म्हणून तो दिसत नाही.

त्यात माल वाळतो. 20 चे साडेएकोणीस क्विंटल झाले. म्हणजे नुसतं बरोबरीत सुटायला मे महिन्यात जवळपास 4,600 भाव हवा होता. मिळाला 4,200. हातात आले 81,900. आप्पा खूश, "1,900 जास्त आले!" मी व्याज मांडलं, तेव्हा गप्प बसले. 7,700 चा तोटा.

मग ठेवायचंच नाही का? तसं नाही. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, वर्षाला 6 टक्के व्याज, मुदत 180 दिवस. 60,000 उचलून महागडं कर्ज फेडलं असतं, तर सहा महिन्यांचं एकूण व्याज 9,600 ऐवजी 4,200 झालं असतं. तेव्हाही भाव वाढेलच याची खात्री नाही, पण थांबणं स्वस्त झालं असतं.

आणि मुद्दा हाच आहे. ज्याच्याकडे स्वस्त पैसा, तो थांबू शकतो. ज्याच्यावर महागडं कर्ज, त्याला थांबणंही महाग. सोयाबीन एकच, पण व्यापाऱ्याचा आणि आप्पांचा संधी खर्च वेगळा.

यंदा मळणी झाली की घरी बसून एक गणित करा: "थांबलो तर किती भावाला बरोबरीत सुटतो?" तो आकडा भिंतीवर लिहा. आमच्या आप्पांनी कणगीवर खडूने लिहिलाय.

भेटू पुढच्या भागात. राम राम!