तीन माणसं, सहा बाया
(पिंपरी पेंढार, ता. जुन्नर येथील तरुणांच्या बैठकीतलं भाषण)

दोस्तांनो, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या आयाबहिणींनो,

मघाशी आपल्याच एका कार्यकर्त्यानं आवाज दिला, "माणसांनी पुढं या, बाया मागं बसा." कुणाला खटकलं नाही. मलाही नाही. दहा मिनिटांनी टोचलं. 'आम्ही माणूस आहोत' म्हणून गावोगाव आपण घसा फोडतो, आणि आपली आईच त्या शब्दाच्या बाहेर!

माझी आई इथल्या मळ्यांत कांदे काढत आली. सांजच्याला मुकादम वहीत मांडायचा : तीन माणसं, सहा बाया. माणसाची हजेरी जास्त, बाईची कमी. समान वेतनाचा कायदा 1976 साली झाला. त्या वहीत तो कधी उतरला नाही. मी विचारलं, "आये, तू माणूस न्हाईस व्हय?" म्हणाली, "मी बाईमाणूस." गडीमाणूस असाही शब्द आहे. पण वहीत गडी नुसता 'माणूस' असतो, जोड बाईलाच.

गोदीत तरी काय? 'दहा माणसं पाठव' म्हणजे दहा पाठी.

व्याकरण बघा. 'माणूस आला' पुल्लिंगी. 'माणसं आली' नपुंसकलिंगी. एकटा असला की पुरुष, जमाव झाला की ना बाप्या ना बाई. आणि 'व्यक्ती' स्त्रीलिंगी! संविधानाच्या 14व्या कलमात कायद्यापुढं समान कोण, तर व्यक्ती. म्हणजे मंत्रीही 'ती व्यक्ती', मीही 'ती व्यक्ती'. कुणाची मिशी गळाली नाही. तेव्हा लिंग नडत नाही, नडते मोजणी.

पंडित सांगतात, मानव, मनुष्य, माणूस हे सगळं मनूच्या नावावरनं आलं. 25 डिसेंबर 1927ला महाडात मनुस्मृती जाळली. पोथी जळाली, नाव जिभेवर राहिलं. म्हणून शब्द फेकायचा का? चवदार तळं आपण बुजवलं नाही. 20 मार्च 1927ला त्यातलं पाणी प्यालो. शब्दही तसाच ताब्यात घ्यायचा, पण दोघांनी. जोतीराव त्या एका शब्दावर विसंबले नाहीत. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त जागोजाग स्त्री आणि पुरुष दोघांनाही लिहिलं.

उद्या मळ्यात वही उघडली की 'नऊ माणसं' लिहायला लावा आणि हजेरी एकच मागा. मुकादम आपल्यातला असला तरी.

माझं झालं. मागच्या माणसांनी आता पुढं यावं. आये, तू पयली ये, बोल.