रंजका, टबॅस्को आणि थांबण्याची ऐपत

(मंडळाच्या मदतनिधी मेळाव्यात आम्ही दोघांनी मिळून केलेल्या भाषणाचा मजकूर)



बटाटेवड्याची रांग सोडून तुम्ही आमचं भाषण ऐकायला आत आलात, त्याबद्दल आधी आभार. वडे गार व्हायच्या आत संपवू, असा शब्द आम्ही अध्यक्षांना दिला आहे.

दारापाशी मांडलेल्या लाल बाटल्या तुम्ही पाहिल्या असतील. तो रंजका आहे. सोलापूरकडच्या मंडळींना समजावून सांगायची गरज नाही. इतरांसाठी सांगतो: ओल्या लाल मिरच्या, मीठ, लिंबाचा रस, थोडी मेथी, हिंग. वाटायचं आणि बरणीत मुरू द्यायचं. आमच्या आई तो दरवर्षी घालत. बरणीला दादरा बांधत, वर पाटा ठेवत नसत. "तिला श्वास घेऊ द्या," असं म्हणत. आम्हाला तेव्हा ती म्हातारपणीची समजूत वाटायची.

इथे ह्यूस्टनला आल्यावर पहिल्यांदा रंजका घातला, तेव्हा मीठ कमी टाकलं, कारण डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं. बाटल्यांची झाकणं मात्र घट्ट लावली. पिकनिकला नेताना गाडीच्या डिकीत दोन बाटल्यांची झाकणं उडाली. तो वास पुढची दोन वर्षं गाडीत होता. गाडी विकतानाही किंमत त्यामुळेच कमी आली, अशी आमच्याकडे एका पक्षाची तक्रार आहे. दुसरा पक्ष आज इथेच उभा आहे, म्हणून तो विषय सोडू.

पण त्यातून एक कुतूहल लागलं. मिरची मुरवून विकणारी माणसं हे सांभाळतात कसं? म्हणून एका लाँग वीकएंडला आम्ही लुइझियानातल्या एव्हरी आयलंडला गेलो. इथून साधारण चार तासांचा रस्ता. टबॅस्को सॉस जिथे जन्माला आला, ती ही जागा. नाव बेट असलं तरी ती मिठाची टेकडी आहे. दलदलीच्या मधोमध जमिनीखालून मिठाचा प्रचंड खांब वर आला आहे, त्याच्यावर ती उभी आहे.

एडमंड मॅकइल्हेनी हा न्यू ऑर्लिन्सचा बँकवाला. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं तेव्हा त्याची सगळी पुंजी गेली होती, आणि तो सासुरवाडीच्या आश्रयाला होता. सासऱ्यांच्या उसाच्या मळ्याची श्रीमंती गुलामांच्या श्रमावर उभी राहिली होती, हेही या गोष्टीत सांगितलं पाहिजे. बागेत त्याने मिरची लावली. १८६८ साली विकण्याइतकं पीक आलं. पुढच्या वर्षी त्याने अत्तराच्या बाटल्यांसारख्या छोट्या बाटल्यांत भरून ६५८ बाटल्या घाऊक एक डॉलर दराने किराणा दुकानदारांना विकल्या. १८७० मध्ये पेटंट घेतलं.

आज हा सॉस १९० हून अधिक देशांत जातो, आणि दीडशे वर्षांनंतरही कंपनी त्याच घराण्याच्या हातात आहे. मुलगे, नातवंडं, पतवंडं असं करत करत. घराणं टिकलं म्हणून सॉस टिकला, की सॉस टिकला म्हणून घराणं, याचं उत्तर आम्हाला मिळालं नाही. पण धंद्याची रीत मात्र समजली.

मिरची लाल झाली की तोडायची. तोडणाऱ्याजवळ लाल रंगाची छोटी काठी असते. मिरचीचा रंग त्या काठीशी जुळला तरच ती तोडायची. मग मीठ घालून वाटायची आणि जुन्या व्हिस्कीच्या ओक लाकडाच्या पिंपात भरायची. झाकणावर मिठाचा जाड थर. आत मिरची आंबते, वायू तयार होतो आणि मिठाच्या थरातून बाहेर पडतो. बाहेरचं मात्र आत जात नाही. तिथे उभे असताना आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आई "श्वास घेऊ द्या" म्हणत होत्या, ते हेच!

तो लगदा पिंपात तीन वर्षांपर्यंत मुरतो. मग त्यात व्हिनेगर घालून काही आठवडे ढवळतात, बिया आणि सालं गाळतात, आणि बाटली भरतात. म्हणजे आज आपण ऑम्लेटवर शिंपडतो ती मिरची काही वर्षांपूर्वी तोडलेली असते. तोडणाऱ्याला मजुरी मात्र तेव्हाच द्यावी लागली होती. पिंपं, गोदाम, माणसं, या सगळ्यांचा खर्च आधी आणि बाटलीचे पैसे कितीतरी नंतर.

आता दुसरी गोष्ट, कारण ती आपल्यासारख्या स्थलांतरितांची आहे. कोंबड्याचं चित्र असलेली हिरव्या झाकणाची श्रीराचा बाटली आपल्या सगळ्यांच्या घरी असते. तिचे मालक डेव्हिड ट्रॅन हे व्हिएतनाममधले चिनी वंशाचे. १९७८ च्या शेवटी निर्वासित म्हणून ज्या मालवाहू जहाजातून ते निघाले, त्याचंच नाव त्यांनी १९८० साली लॉस एंजेलिसमध्ये काढलेल्या कंपनीला दिलं: हुई फाँग. सुरुवातीला सॉस स्वतःच व्हॅनमधून दुकानांना पोचवत. जाहिरात केली नाही, तरी धंदा वाढत गेला.

त्यांना मिरची पुरवणारा कॅलिफोर्नियातला शेतकरीही एक कुटुंबच, अंडरवूड रँचेस. १९८८ पासून दोघं एकत्र वाढले. ५० एकरांपासून दीड हजार एकरांच्या पुढे. मग २०१६ च्या हंगामानंतर पैशांवरून बिनसलं, प्रकरण कोर्टात गेलं, आणि २०१९ मध्ये ज्युरीने शेतकऱ्याच्या बाजूने २ कोटी ३३ लाख डॉलर्सचा निकाल दिला. पुढे २०२२ आणि २०२३ साली मेक्सिकोतला दुष्काळ आणि मिरचीची टंचाई, यामुळे दुकानांतून ती बाटली गायब झाली, हे आपल्यालाही आठवत असेल. कारखाना केवढाही मोठा असो, मिरची शेवटी शेतातूनच यावी लागते. शेतकरी दुरावला तर नव्या जागी तेवढी मिरची एका हंगामात मिळत नाही.

मंडळी, आता आजच्या कामाचं बोलू.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात चौदा जणींचा बचत गट आहे. आमच्या मावशी त्याच गावच्या, म्हणून ओळख झाली. या बायका रंजका आणि लाल तिखट करतात. आपल्या मंडळाने यंदाचा निधी त्यांना द्यायचं ठरवलं, तेव्हा "मिरची कांडप यंत्र घेऊन देऊ" ही सूचना आम्हीच मांडली होती. यंत्र दिसतं, फोटो काढता येतो, त्यावर मंडळाच्या नावाची पाटी लावता येते. कार्यकारिणीने मान्यही केलं.

मग गटाच्या ताईंशी फोनवर बोललो. त्या अगदी अदबीने म्हणाल्या, "दादा, वहिनी, यंत्र द्या, नको कोण म्हणतंय? पण कांडायला मिरची आमच्याजवळ राहिली पाहिजे ना!"

आम्हाला नीट कळलं नाही. तेव्हा त्यांनी समजावलं. मिरची तोडणीला आली की सगळ्यांचीच येते. बाजारात आवक वाढते आणि भाव पडतो. नेमकं त्याच वेळी तोडणीची मजुरी द्यायची असते, औषधाच्या दुकानाची उधारी असते, मुलांची फी असते. मग ओली मिरची तशीच व्यापाऱ्याला द्यावी लागते. वाळवायला थांबलं तर वजन चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतं. हाती काही आलं तर ते नंतर. रंजका मुरवायचा तर मीठ, लिंबं, बरण्या यांचा खर्च आज, आणि विक्री काही महिन्यांनी. पुढे याच बायका कांडपासाठी बाजारातून मिरची विकत आणतात. आपलीच मिरची, चढ्या भावाने!

फोन ठेवल्यावर आम्हाला एव्हरी आयलंडची ती पिंपं आठवली. मॅकइल्हेनी घराण्याकडे काय होतं? मिरची होती, मीठ होतं. ते या चौदा जणींकडेही आहे. हातची चव तर त्यांचीच सरस. त्यांच्याकडे नाही ती थांबण्याची ऐपत.

म्हणून कार्यकारिणीला आम्ही आमचीच सूचना बदलायची विनंती केली. थोडी वादावादी झाली. "पैसे बुडाले तर?" हा प्रश्न रास्त होता. ठरलं ते असं: यंदाचा निधी खेळतं भांडवल म्हणून द्यायचा. तोडणीच्या वेळी गट आपल्या सभासदांची मिरची रास्त भावाने घेईल आणि पैसे लगेच देईल. मिरची वाळवायची, मुरवायची, कांडायची आणि भाव पाहून विकायची. विक्रीतून रक्कम गटाच्याच खात्यात परत येईल आणि पुढच्या हंगामाला तीच वापरायची. आपल्याकडे परत पाठवायची नाही. हिशेब मात्र दरवर्षी मंडळाला येईल, आणि तो पुस्तिकेत छापायचा.

एखाद्या वर्षी पाऊस अवेळी आला, भाव पडला, तर रक्कम कमी होईल. हे ताईंनीच आम्हाला आधी सांगितलं. एव्हरी आयलंडलाही २००५ च्या रिटा वादळात पाणी कारखान्याच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. त्यानंतर त्यांनी बांध घातला. आपणही पहिल्या वर्षाच्या निधीतला काही भाग बाजूला ठेवणार आहोत. तोच आपला बांध.

यात पाटी लावायला जागा नाही, हे कबूल. फोटोत फार तर मिरच्यांचं वाळवण दिसेल.

दारापाशीच्या बाटल्या आम्ही आणि मंडळातल्या सात-आठ घरांनी मिळून घातल्या आहेत. या वेळी मीठ पुरेसं आहे, लिंबू भरपूर आहे. आंबटपणा मोजूनही पाहिला: पीएच ४.६ च्या बराच खाली असावा लागतो, आणि तो तसा आहे. झाकण उडणार नाही. तरी घरी नेल्यावर फ्रीजमध्येच ठेवा, आणि डिकीत आडवी ठेवू नका. आम्ही अनुभवाने सांगतो.

बाटलीची किंमत लिहिलेली नाही. एका घरातली मिरची एक हंगाम थांबावी म्हणून तुम्हाला काय द्यावंसं वाटतं, तेवढं पेटीत टाका.

वडे अजून गरम आहेत. रंजक्याबरोबर खाऊन बघा.