ऑफर लेटर आलं, पण मुलाखत झालीच नव्हती

लोकलमध्ये असाल, बसमध्ये असाल, नाहीतर शाळेच्या स्टाफरूममध्ये एका कानात इयरफोन घालून वह्या तपासत असाल. आजचा भाग खास त्या वह्या तपासणाऱ्यांसाठी आहे.

मी मूळची जळगावची. बी.एड. झाल्यावर पुण्यात एका शाळेत दोन वर्षं गणित शिकवलं. आता दुबईत एका इंटरनॅशनल शाळेत शिकवते. हे एका वाक्यात सांगून झालं, पण मधली चौदा महिन्यांची गोष्ट सांगायची राहिली. ती जरा लाजिरवाणी आहे, म्हणूनच सांगते.

एका वेबसाइटवर मी माझा बायोडाटा टाकला होता. आठवड्याभरात एका एजंटचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. ‘मॅडम, तुमचं प्रोफाइल शाळेला आवडलंय.’ नोंदणीचे म्हणून पंधरा हजार मागितले, मी भरले. चार दिवसांत ऑफर लेटर हजर! शाळेचा लोगो, शिक्का, सही, सगळं होतं. पगार माझ्या पुण्याच्या पगाराच्या सहापट. आता फक्त ‘व्हिसा प्रोसेसिंग’चे एक लाख वीस हजार भरायचे होते, तेही शुक्रवारच्या आत.

बाबा गप्प बसले. आईने कपाटातून पाटल्या काढल्या आणि म्हणाली, ‘तुझ्या लग्नासाठीच ठेवल्यात. नोकरीसाठी तारण ठेवल्या तर काय बिघडलं?’ गुरुवारी सकाळी पतसंस्थेत जायचं ठरलं.

बुधवारी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. आमच्या शाळेतल्या एक सीनियर मॅडम पूर्वी मस्कतला शिकवून आलेल्या. पेढा हातात धरूनच त्यांनी विचारलं, ‘डेमो लेसन कसा झाला गं?’ म्हटलं, झाला नाही. ‘मग आपल्या प्रिन्सिपलना फोन किंवा मेल तरी आला असेल?’ तोही नाही. त्या म्हणाल्या, ‘अगं, तुझ्या हातात पंचवीस पोरं देणार, आणि तू कोण आहेस हे कुणालाच विचारलं नाही?’

पोटात गोळा आला. मी शाळेच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून फोन लावला. एचआरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, अशी जागाच नाही आणि हे पत्र आमचं नाही. पाटल्या वाचल्या. पंधरा हजार काही परत आले नाहीत.

तर मी जे पैसे घालून शिकले ते तुम्हाला फुकट सांगते.

पहिली गोष्ट, शाळा तुमची चौकशी करते की नाही ते बघा. चांगली शाळा तुम्हाला सतावते. दोन-तीन मुलाखती, डेमो, आधीच्या मुख्याध्यापकांकडून थेट शिफारस, पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट. हे मुलांच्या सुरक्षिततेसाठी असतं. काहीच न विचारता नोकरी देणारी शाळा एकतर खोटी असते, नाहीतर तिथे टिकण्यासारखं काही नसतं.

दुसरी, तुम्हीही शाळेची चौकशी करा. दुबईत केएचडीए ही सरकारी संस्था खासगी शाळांची तपासणी करते. ‘आउटस्टँडिंग’पासून ‘व्हेरी वीक’पर्यंत शेरे असतात आणि अहवाल कुणालाही वाचता येतात. शाळा ‘आयबी’ म्हणवत असेल तर आयबीच्या वेबसाइटवर तिचं नाव शोधा. मेल शाळेच्या स्वतःच्या डोमेनवरून आलाय का, की जीमेलवरून, तेही बघा.

तिसरी, पैसे. यूएईच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकाने करायचा, कर्मचाऱ्याकडून वसूल करायचा नाही. आपल्याकडे परदेशी नोकरीसाठी एजंटला सरकारी नोंदणी लागते. ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे आणि सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी. माझ्या एजंटचं नाव त्या यादीत नव्हतं. शोधायला मला दोन मिनिटं लागली असती!

चौथी, व्हिसा. ‘आधी टुरिस्ट व्हिसावर या, मग बदलून देऊ’ असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे बेकायदेशीर आहे. आणि पासपोर्ट तुमच्याकडेच राहतो, मालकाला तो अडकवून ठेवता येत नाही.

पाचवी, करार वाचताना एकूण पगाराला भुलू नका, बेसिक बघा. यूएईत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात. पहिली पाच वर्षं, दर वर्षामागे २१ दिवसांचा बेसिक पगार. समजा एकूण पगार ६,००० दिरहॅम आहे. बेसिक ४,५०० असेल तर वर्षाला ३,१५० मिळतील, बेसिक २,५०० असेल तर फक्त १,७५०. राहायची सोय, मेडिकल इन्शुरन्स आणि विमानाचं तिकीट कोण देणार तेही लेखी घ्या. दुबईत वर्षाचं भाडं बऱ्याचदा दोन-चार चेकमध्येच द्यावं लागतं. पहिल्या पगाराआधी एवढी रक्कम कुठून आणणार, हा प्रश्न मुलाखतीतच विचारा.

कागदपत्रांना आजच लागा. माझ्या डिग्रीवर आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईची वकिलात असे शिक्के घ्यावे लागले. ओमान किंवा बहारीनला जाणार असाल तर अपॉस्टिल चालतं, कारण ते देश हेग करारात आहेत. ऑगस्टमध्ये वर्ष सुरू करणाऱ्या शाळा साधारण हिवाळ्यातच माणसं शोधू लागतात. मे महिन्यात जागे झालात तर उरलंसुरलं मिळतं.

मला पहिली नोकरी असिस्टंट टीचरची मिळाली. पगार त्या खोट्या पत्राच्या निम्माही नव्हता. पण त्याआधी तीन मुलाखती झाल्या, ऑनलाइन डेमो झाला आणि आमच्या प्रिन्सिपलना त्यांनी दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा प्रिन्सिपल वैतागले. मी मात्र घरी येऊन आईला म्हटलं, ‘ही शाळा खरी आहे.’

आणि त्या पाटल्या? आईच्या हातातच आहेत. व्हिडिओ कॉलवर तिचा चेहरा कमी आणि पाटल्याच जास्त दिसतात, कारण फोन कसा धरायचा हे तिला अजून जमलेलं नाही.

तुमच्याकडे असं पत्र आलं असेल तर आज रात्री पैसे भरू नका. उद्या सकाळी शाळेला फोन लावा. चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.